गुणी खेळाडू व्यसनात का अडकतो?

"मॅराडोनाला काय कमी होतं?" फुटबॉलपटूच्या व्यसनाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास विचारला जातो. १९८६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यानं अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून दिला. पाच वर्षांनी चाचणीत कोकेन सापडलं आणि त्याच्यावर १५ महिन्यांची बंदी आली. ही सवय आपल्याला विशीतच, बार्सिलोनात खेळताना लागली, असं पुढे त्यानं स्वतःच सांगितलं. म्हणजे विश्वचषक उंचावला तेव्हाही ती त्याच्या सोबत होती.

या प्रश्नामागे दोन समजुती असतात. पहिली अशी, की ज्याच्याकडे काही नसतं त्यालाच व्यसन लागतं. दुसरी सहसा पुढच्याच वाक्यात ऐकू येते: "जवळच्यांनी वेळीच कडक लक्ष ठेवलं असतं, तर पोरगा वाचला असता." या प्रकरणात आपण दोन्ही समजुती तपासणार आहोत. सुरुवात करायला फार लांब जायला नको. बुऱ्हाणपूरच्या इतिहासात दोन्हींचं उत्तर आहे.

१. पहाऱ्यात ठेवलेला शहजादा

१६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला, फारुकी सुलतानांची सत्ता संपली आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. तापीकाठचं बुऱ्हाणपूर हे त्याचं मुख्य ठाणं. सुभ्याचा कारभार अकबराचा धाकटा मुलगा दानियाल याच्याकडे आला. खानदेशाचं नावही त्याच्यावरून 'दानदेश' ठेवण्यात आलं. तारुण्य, सत्ता, दौलत, काहीही कमी नव्हतं. पण दानियाल दारूच्या पूर्ण आहारी गेला होता.

अकबराला धास्ती वाटणं साहजिक होतं. दानियालचा मोठा भाऊ मुराद १५९९ मध्ये दख्खनेतच दारूपायी, तिशीच्या आत गेला होता. त्यामुळे बादशहानं दानियालची दारू बंद करण्याचं फर्मान काढलं. त्याचा सासरा खानखाना अब्दुर्रहीम, म्हणजे ज्याचे दोहे आजही लोकांच्या तोंडी आहेत तो रहीम, याच्या माणसांनी शहजाद्यावर पहारा बसवला.

पुढे काय झालं, ते त्याचा थोरला भाऊ जहांगीर यानं आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. दानियाल नोकरांपुढे रडला, कशीही करून दारू आणा म्हणून गयावया करू लागला. शेवटी एका बंदूकधारी नोकरानं शहजाद्याच्याच आवडत्या बंदुकीच्या नळीत कडक दारू भरून आत आणली. नळीतली बारुदीची काजळी आणि गंज त्या दारूत उतरला होता. ती पिऊन दानियालनं अंथरूण धरलं आणि १६०५ मध्ये तो बुऱ्हाणपुरातच वारला. वय जेमतेम ३२. एकवीस वर्षांनी, १६२६ मध्ये, जहांगीरचा मुलगा परवेझ याच शहरात आणि याच कारणानं गेला. त्यानंही चाळिशी पाहिली नाही.

हिंदुस्थानच्या बादशहाइतका कडक पहारा कुठल्याही बापाला किंवा क्लबच्या मालकाला बसवता येणार नाही. तरीही तो पुरला नाही. का पुरला नाही, हे समजण्यासाठी मेंदूत काय चालतं ते आधी पाहावं लागेल.

२. मेंदूत नेमकं काय घडतं?

भूक लागल्यावर जेवण मिळालं, परीक्षेत पास झालो, कोणी पाठीवर थाप मारली, की आपल्याला बरं वाटतं. हे बरं वाटणं आणि 'हे पुन्हा कर' असं मनावर ठसणं, या कामात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन मोठा वाटा उचलतं. दारू, कोकेन, निकोटिन, अफूपासून बनलेले पदार्थ हे सगळे डोपामिनच्या याच यंत्रणेला धक्का देतात, आणि हा धक्का रोजच्या साध्या आनंदापेक्षा कितीतरी जोरदार असतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. माकडाला एक खूण दिसायची आणि मग फळांचा रस मिळायचा. सुरुवातीला रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळायच्या. सवय झाल्यावर त्या रसाला दाद देईनाशा झाल्या आणि खूण दिसताच उसळू लागल्या. व्यसनी माणसाची तलफही अशीच चालते. पेला ओठाला लागण्याच्या कितीतरी आधी, ओळखीचा कोपरा, ठरावीक मित्र, संध्याकाळची ठरावीक वेळ एवढ्यानंच मेंदू पेटून उठतो. म्हणून 'मनावर ताबा ठेव' हा सल्ला तोकडा पडतो. ताबा ठेवायची वेळ येते तोवर मेंदू निम्मी वाट चालून गेलेला असतो.

यानंतर येते ती सहनशीलता, म्हणजे तेवढ्याच परिणामासाठी अधिकाधिक मात्रा लागणं. बुऱ्हाणपूर-रावेरच्या केळी बागाईतदाराला हे समजावून सांगायला नको. पाण्याची पातळी खाली गेली की तो बोअर आणखी खोल नेतो. काही दिवस पाणी लागतं. पण उपसा वाढल्यानं पातळी पुन्हा खाली जाते आणि पुन्हा खोल जावं लागतं. दरम्यान शिवारातल्या साध्या विहिरी आटून जातात. मेंदूतही तसंच होतं. मात्रा वाढत जाते आणि खेळ, जेवण, गप्पा, मुलाबाळांचा सहवास या साध्या विहिरी कोरड्या पडतात. मग माणूस मजेसाठी पीत नाही. निदान नेहमीसारखं वाटावं म्हणून पितो.

याचं आकड्यांतलं उदाहरण जहांगीरनंच देऊन ठेवलं आहे. अठराव्या वर्षाच्या सुमारास शिकारीच्या दगदगीनं तो थकला होता. एक पेला घेतला तर शीण जाईल, असं सोबतच्या माणसानं सुचवलं. तिथून सुरुवात झाली. काही वर्षांत साध्या मद्यानं त्याचं भागेना. मग दोनदा गाळलेली कडक दारू सुरू झाली आणि ती दिवसाकाठी २० पेल्यांवर गेली. हात इतके कापू लागले, की पेला दुसऱ्या कोणीतरी तोंडाला लावावा लागे. हकीम हुमाम यानं स्पष्ट सांगितलं, की असंच चाललं तर सहा महिन्यांत प्रकृती हाताबाहेर जाईल. जहांगीरनं ऐकलं. सुमारे सात वर्षांत तो पाच-सहा पेल्यांवर आला. पण या काळात त्यानं अफूमिश्रित औषधाचा आधार घेतला. एक व्यसन ढिलं होताना दुसरं त्याची जागा घेतं, हा धोका आजही उपचार करणारे डॉक्टर सांगतात.

तिसरी पायरी म्हणजे पदार्थ अचानक बंद केल्यावर होणारा त्रास. दारूची सवय झालेल्या शरीराची दारू एकदम तोडली, तर घाम, थरथर, झोप उडणं यांपासून ते फिट येणं, भ्रम होणं आणि क्वचित मृत्यू येणं इथपर्यंत मजल जाऊ शकते. झोपेच्या काही गोळ्यांचंही असंच आहे. म्हणून पिणाऱ्याला खोलीत कोंडून ठेवणं निरुपयोगी तर आहेच, शिवाय जिवावर बेतणारं आहे.

तलफ, वाढती मात्रा आणि बंद केल्यावरचा त्रास या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या, की दानियालची गयावया समजते. आजचा खेळाडू खोटं का बोलतो, तेही समजतं.

३. फुटबॉलपटूच का?

व्यसन कोणालाही लागू शकतं. तरुण व्यावसायिक फुटबॉलपटूच्या आयुष्यात मात्र काही गोष्टी अशा जुळून येतात, की वाट निसरडी होते.

पहिली गोष्ट वय. मोह आवरणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. खेळाडूच्या हाती पैसा आणि प्रसिद्धी येते ती अठराव्या-विसाव्या वर्षी.

दुसरी गोष्ट दिवसाची आखणी. सराव दुपारपर्यंत संपतो. उरलेला दिवस रिकामा. सोबतीला हॉटेलची खोली आणि मोबाईल. रात्रीचा सामना प्रकाशझोतात, हजारो लोकांच्या गजरात संपतो. अंगात सळसळ असते आणि झोप लागत नाही. अशा वेळी झोपेची गोळी सोयीची वाटते.

तिसरी गोष्ट दुखापत. शरीर हेच त्याचं भांडवल. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं की सहा-आठ महिने मैदान बंद. या काळात वेदनाशामकं आणि एकटेपणा दोन्ही सोबत येतात. कालपर्यंत नावाचा जयघोष करणारे लोक दुसऱ्याचं नाव घेऊ लागतात.

चौथी गोष्ट मौन. ड्रेसिंग रूममध्ये कच्चं दिसणं परवडत नाही. जागा गमावण्याची भीती असल्यानं खेळाडू दुखरा पाय लपवतो, तसंच दुखरं मनही लपवतो.

व्यावसायिक फुटबॉलपटूंची जागतिक संघटना 'फिफप्रो' हिनं २०१५ मध्ये याबाबतचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळत असलेल्या खेळाडूंपैकी ३८ टक्क्यांत नैराश्याची किंवा चिंतेची लक्षणं आढळली. दारूचं हानिकारक सेवन खेळत्या खेळाडूंत ९ टक्के होतं, तर निवृत्तांमध्ये २५ टक्के. मैदान सुटल्यावर हा आकडा जवळजवळ तिप्पट होतो. खेळ हातात असतो तोवर तो माणसाला बांधून ठेवतो. तो गेला की आत दबलेलं वर येतं, असाच याचा अर्थ.

४. आधी जखम, मग गोळी: डेले अ‍ॅली

इंग्लंडचा डेले अ‍ॅली सोळाव्या वर्षी वरिष्ठ संघातून खेळू लागला. टॉटनहॅम क्लबात गेल्यावर २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं तो इंग्लंडचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. २०१८ च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत त्यानं गोल केला तेव्हा तो २२ वर्षांचा होता. त्यानंतर घसरण सुरू झाली. संघातली जागा गेली, क्लब बदलले. वर्तमानपत्रांनी आणि प्रेक्षकांनी त्याला आळशी ठरवलं.

जुलै २०२३ मध्ये माजी खेळाडू गॅरी नेव्हिल याला दिलेल्या मुलाखतीत अ‍ॅली पहिल्यांदा मोकळा झाला. सहाव्या वर्षी त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाला होता. सातव्या वर्षी सिगारेट, आठव्या वर्षी अमली पदार्थ पोचवण्याचं काम. बाराव्या वर्षी एका कुटुंबानं त्याला आपलं म्हटलं आणि तिथे त्याला माया मिळाली. पण आधीची जखम भरली नव्हती. मोठा झाल्यावर तो झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेला. वयाच्या चोविसाव्या वर्षी, सगळं जग हेवा करत असताना, आरशात पाहून आता खेळ सोडावा का असा विचार मनात आल्याचं त्यानं सांगितलं. शेवटी तो स्वतःहून अमेरिकेतल्या उपचार केंद्रात सहा आठवडे राहून आला.

'काय कमी होतं?' या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. लहानपणी वाट्याला आलेलं भय पैशानं पुसलं जात नाही. लहान वयातला अत्याचार, मारहाण, आई किंवा वडिलांचं व्यसन, घराची फाटाफूट यांमुळे मोठेपणी व्यसनाचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. अशा माणसाला गोळी मजा देत नाही, ती काही तास आतला आवाज बंद करते. म्हणून गोळी हिसकावण्याआधी तो आवाज कसला आहे, हे विचारावं लागतं.

अ‍ॅलीच्या पुढच्या वाटचालीबद्दलही खरं तेच सांगायला हवं. दुखापतींनी त्याचा पिच्छा सोडला नाही. जानेवारी २०२५ मध्ये इटलीतल्या कोमो क्लबानं त्याला घेतलं. मार्चमध्ये पहिल्याच सामन्यात, मैदानात उतरल्यावर थोड्याच वेळात त्याला लाल कार्ड मिळालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये करार संपला. बरं होणं म्हणजे जुनी कारकीर्द परत मिळणं, असं गृहीत धरू नये. बरं होणं म्हणजे आयुष्य परत मिळणं.

५. बाटलीशिवायचं व्यसन

जुगारात तर पोटात काहीच जात नाही, मग त्याला व्यसन कसं म्हणायचं? उत्तर शुल्ट्झच्या माकडांत आहे. डोपामिनची यंत्रणा बक्षिसापेक्षा बक्षिसाच्या आशेवर अधिक हलते, आणि बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसेल तर आणखीच. जुगार म्हणजे नेमकी हीच अनिश्चितता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आता व्यसनांच्याच वर्गात मोडतं.

एक छोटं गणित करून पाहू. एका मुलानं १०० रुपये लावले आणि हरला. हरलेले परत मिळवायचे म्हणून तो दर वेळी दुप्पट लावत जातो: २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४००, १२८००. असे आठ डाव हरला, तर एकूण २५,५०० रुपये गेले. आता नवव्या डावात २५,६०० लावून तो जिंकला, तरी त्याच्या पदरात पडणार फक्त १०० रुपये. आणि हरला, तर ५१,१०० गेले. व्यसनी जुगाऱ्याचं मन या क्षणी फायद्याचा हिशेब करत नसतं. ते फक्त 'मागचं भरून काढू' एवढंच म्हणत असतं.

इटलीचा सँड्रो टोनाली या भोवऱ्यात सापडला. जुलै २०२३ मध्ये, तेवीस वर्षांचा असताना, तो मिलान सोडून इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबात गेला. काही महिन्यांतच तो बेकायदा सट्टा लावत होता, हे उघड झालं. ऑक्टोबरमध्ये इटलीच्या फुटबॉल महासंघानं शिक्षा ठरवली, ती नीट वाचण्यासारखी आहे: एकूण १८ महिने, त्यातले १० महिने प्रत्यक्ष बंदी. उरलेल्या आठ महिन्यांच्या बदल्यात त्यानं जुगाराच्या व्यसनावर उपचार घ्यायचे आणि किमान १६ कार्यक्रमांत जाऊन तरुणांशी याबद्दल बोलायचं. बंदीच्या काळात क्लबानं त्याला संघाबरोबर सराव करू दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये तो मैदानात परतला. मार्च २०२५ मध्ये न्यूकॅसलनं लिव्हरपूलला हरवून लीग चषक जिंकला. देशांतर्गत मोठा चषक या क्लबाला ७० वर्षांनी मिळाला होता, आणि अंतिम सामन्यात टोनाली खेळत होता.

ही शिक्षा उपयोगी ठरली, कारण तिनं त्याला एकटं पाडलं नाही. दंड होता, पण उपचाराची वाट आणि परतीचं दारही त्याच कागदावर लिहिलेलं होतं.

आपल्याकडेही हा प्रश्न मोबाईलमधून खेड्यापाड्यांत पोचला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा हवाच. पण ज्याला सवय लागून चुकली आहे, त्याला कायद्याच्या जोडीला उपचारही लागतो.

६. नागपूरची वाट

आता मराठी मुलखातलं उदाहरण. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतली काही मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. खेळत होती तोवर ती मुलं नशा आणि भांडणं यांपासून दूर होती, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला. त्यातून 'झोपडपट्टी फुटबॉल' आणि पुढे 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. २०१६ मध्ये या संस्थेला 'फिफा'चा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' हा चित्रपट बारसे यांच्याच कामावर आधारलेला आहे.

या मैदानावर आलेल्यांपैकी एक अखिलेश पॉल. लहान वयातच नशा, मारामाऱ्या आणि गुन्हेगारी यांत गुरफटलेला, पोलिसांना चुकवत फिरणारा मुलगा. ही हकीकत त्यानं स्वतः २०१४ मध्ये 'सत्यमेव जयते' या कार्यक्रमात देशासमोर मांडली. तो कुठल्या क्लबाचा करारबद्ध खेळाडू नव्हता, त्याच्यामागे डॉक्टर नव्हते की व्यवस्थापक नव्हता. त्याला मिळाला एक चेंडू, रोजची एक वेळ आणि त्याला संघात घेणारी माणसं. २०१० मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात झालेल्या बेघरांच्या विश्वचषकात तो भारतीय संघाचा कर्णधार होता. पुढे त्यानं त्याच्यासारख्याच मुलांना शिकवायला घेतलं.

बेघरांचा विश्वचषक २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाला. लहानसं मैदान, एका बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. बेघर माणसं आणि व्यसनावर उपचार घेत असलेली माणसं यांना आपल्या देशाची जर्सी मिळावी, एवढ्यासाठी ही स्पर्धा आहे.

चेंडूनं व्यसन कसं सुटेल, अशी शंका येणं रास्त आहे. चेंडूत औषध नसतंच. पण भोवताल बदलला की व्यसनाची पकड सैल होते, याचा भक्कम पुरावा आहे. व्हिएतनाममधून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेनं अभ्यास केला. तिथे असताना जवळजवळ पाचवा हिस्सा सैनिक हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या आहारी गेले होते. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी फक्त ५ टक्के पुन्हा अडकले. युद्ध, भय, ठरावीक साथीदार आणि हाताशी असलेला माल हे सगळं मागे पडलं होतं. घर आणि काम मिळालं होतं. नागपूरच्या मैदानानं मुलांना तेच दिलं: वेगळी जागा, वेगळे साथीदार आणि उद्या सकाळी यायचं कारण. आटलेल्या साध्या आनंदाला तिथे पुन्हा पाझर फुटतो.

७. उपचार म्हणजे काय?

मैदान सगळ्यांना पुरत नाही. शरीराला सवय लागलेली असेल, तर उपचार लागतात. त्याच्या साधारण तीन पायऱ्या आहेत.

पहिली, शरीर पदार्थमुक्त करणं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं देऊन पदार्थ बंद केल्यावरचा त्रास सुसह्य करता येतो. याला बहुधा आठ-दहा दिवस लागतात. अनेक कुटुंबांना वाटतं, की इथे काम संपलं. खरं तर इथे ते सुरू होतं.

दुसरी, मनावरचं काम. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधारानं 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथे दाखल झालेल्याला पेशंट म्हणत नाहीत, रुग्णमित्र म्हणतात. ३५ दिवसांच्या निवासात गटचर्चा, समुपदेशन, योग आणि कामं असतात. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे समुपदेशक झाली आहेत. तिथे कुलपापेक्षा विश्वासावर अधिक भर असतो. पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे, कारण एकाच्या व्यसनानं अख्खं घर आजारी पडलेलं असतं.

तिसरी, पाठपुरावा. व्यसन हा मधुमेहासारखा दीर्घकाळ सांभाळायचा आजार आहे. घसरण होऊ शकते. घसरला म्हणजे उपचार वाया गेला, असं समजून घरचे हात टेकतात आणि तिथेच नुकसान होतं. घसरलेल्या माणसाला त्याच दिवशी पुन्हा केंद्राच्या दारात नेणं हाच खरा पाठपुरावा.

आर्सेनल क्लबाच्या दोन खेळाडूंनी हे दाखवून दिलं. पॉल मर्सननं नोव्हेंबर १९९४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, दारू, कोकेन आणि जुगार या तिन्ही व्यसनांची जाहीर कबुली दिली. इंग्लंडच्या फुटबॉल महासंघानं त्याला उपचारांना पाठवलं आणि काही आठवड्यांत तो पुन्हा खेळू लागला. पण जुगारानं त्याला पुढेही अनेकदा गाठलं, आणि त्याबद्दल तो आजही उघडपणे बोलतो. कर्णधार टोनी अ‍ॅडम्स १९९० मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात गेला होता. तुरुंगानं त्याची दारू सुटली नाही. १९९६ मध्ये त्यानं आपण व्यसनी असल्याचं सहकाऱ्यांसमोर मान्य केलं, तेव्हा ती सुटायला लागली. त्यानंतर १९९८ आणि २००२ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली आर्सेनलनं एकाच हंगामात लीग आणि चषक दोन्ही जिंकले. २००० मध्ये त्यानं खेळाडूंसाठी 'स्पोर्टिंग चान्स' हे उपचार केंद्र उभं केलं.

आता दुसऱ्या समजुतीचा निकाल देता येतो. बादशहाचा पहारा, इंग्लंडचा तुरुंग, जनतेची टीका यांतल्या कशानंही व्यसन सुटलं नाही. सुटलं ते माणूस बोलता झाला, त्याला उपचार मिळाले आणि परत येण्यासाठी जागा उरली तेव्हा.

८. आपण काय करायचं?

भारत सरकारसाठी 'एम्स'नं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारूच्या व्यसनात अडकलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचं आढळलं. बाकीचे ३७ लाजेपोटी, भीतीपोटी किंवा कुठे जायचं हे माहीत नसल्यामुळे घरातच राहतात. यात आपल्या गावच्या संघातला एखादा चपळ विंगरही असू शकतो.

प्रशिक्षकांनी कामगिरीआधी बदल पाहावेत: सरावाला उशीर, उगाच चिडचिड, उसनवारी, जुने मित्र सुटणं, दुखापतीनंतर गायब होणं. असं दिसलं तर चारचौघांत झापू नये. बाजूला घेऊन "काय चाललंय?" एवढंच विचारावं आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावं. जखमी खेळाडूला घरी न पाठवता काहीतरी काम देऊन मैदानावरच ठेवावं. स्पर्धेनंतरच्या पार्टीत दारू ठेवू नये. गुटख्याची पुडी तोंडात धरून मुलांना शिकवू नये.

आई-वडिलांनी शपथा घालणं, कोंडणं, मारणं थांबवावं. लग्न लावून दिलं की सुधारेल, हा विचार तर मनातूनच काढून टाकावा. त्यात आणखी एक आयुष्य होरपळतं. दारू एकदम बंद करायला लावण्याआधी डॉक्टरांना भेटावं. उधारी फेडत बसण्यापेक्षा उपचाराचा खर्च करावा. आणि मुलगा केंद्रातून परत येईल, तेव्हा त्याचं संघातलं, घरातलं, गल्लीतलं स्थान त्याला परत द्यावं.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मन खचलं असेल, आत्महत्येचे विचार येत असतील, तर १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. दोन्ही सेवा मोफत आहेत आणि घरच्यांनाही तिथे फोन करता येतो. हे दोन क्रमांक आपल्या क्लबच्या, शाळेच्या, तालमीच्या भिंतीवर आजच लिहा. आणि एखादा मुलगा तुमच्या डोळ्यांदेखत हरवत चालला असेल, तर त्याच्यावर पहारा ठेवण्यात वेळ घालवू नका. त्याच्याशी बोला आणि त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा.